उपाशी, खंगलेली कोंबडी सावरायची कशी: आधी ऊब, मग पाणी, मग दाणा

खंगलेली कोंबडी घरात आली की पहिली धाव ज्वारीच्या डब्याकडे जाते. मूठभर दाणे तिच्यापुढे पडतात. ती खात नाही, म्हणून कुणीतरी चोच उघडून भाकरीचा कुस्करा कोंबतं आणि वरून पाणी ओततं. तासाभरात कोंबडी मान टाकते, आणि "भुकेनं मेली बिचारी" असं म्हणून सगळे मोकळे होतात. खरं तर दोन-चार दिवस उपाशी काढलेली कोंबडी आणखी काही तास सहज काढते. तिला मारते ती आपली घाई. गारठलेल्या, सुकलेल्या अंगाला एकदम आलेलं अन्न पेलत नाही, किंवा ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं.

म्हणून या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी क्रम तेवढा पक्का ठेवा: ऊब, पाणी, पातळ पेज, घट्ट खाणं, आणि सर्वांत शेवटी अख्खा दाणा. हे सगळं परसात पाच-दहा गावरान कोंबड्या पाळणाऱ्या घरांसाठी लिहिलं आहे. शेडमध्ये हजार पक्षी असतील तर हिशेब वेगळा.

आधी हात लावून बघा

पिसांमुळे कोंबडी गुबगुबीत दिसते, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. छातीच्या मधोमध उभं हाड असतं, त्यावरून बोटं फिरवा. धडधाकट कोंबडीत या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागतं आणि हाडाची धार जेमतेम जाणवते. खंगलेल्या कोंबडीत मांस आत गेलेलं असतं आणि हाड नांगराच्या फाळासारखं वर येतं. तसं लागलं तर हा उपास कालचा नाही. कित्येक दिवस ती स्वतःचंच मांस जाळून जगते आहे.

मग पाय धरून बघा, गार लागतात का. तुरा बघा: फिकट, सुरकुतलेला की जांभळट? डोळे खोल गेलेत का? पोटाखालची कातडी चिमटीत धरून सोडा. ती तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी आटलं आहे. गळ्याच्या बुडाशी, कोंबडीच्या उजव्या बाजूला, दाणा साठवायची पिशवी असते. ती रिकामी आहे, मऊ आहे, की दगडासारखी घट्ट, हे चाचपून ठेवा. पुढे त्याची गरज पडेल. शेपटीखाली विष्ठा चिकटलेली असेल तर रंग बघा. पोटात काही नसलं की नुसतं पित्त उतरतं आणि विष्ठा गर्द हिरवी, चिकट पडते. पण हिरवी विष्ठा राणीखेत (मानमोडी) या रोगातही असते, तेव्हा एवढ्यावरून निदान करू नका.

धरताना छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा (श्वासपटल) नसतो. छातीचं हाड वरखाली होतं तेव्हाच तिचा श्वास चालतो. लहान मुलं लाडानं घट्ट कवटाळतात आणि अशक्त पक्षी गुदमरून जातो. दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरा, वजन खालच्या तळव्यावर घ्या, छाती मोकळी ठेवा.

आणि वजन करा. भाजीचा काटा असो की गोणी तोलायचा हूक-काटा, काहीही चालेल. गावरान कोंबडी साधारण सव्वा ते पावणेदोन किलोची असते. आजचा आकडा भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावरून घ्यायचे आहेत, तिच्या डोळ्यांत "चमक आली" म्हणून नाही.

ऊब

कोंबडीचं अंग एरवी ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा चार-पाच अंशांनी गरम. उपाशी पक्ष्याकडे ही आग पेटती ठेवायला सरपणच उरलेलं नसतं. अंग गार पडलं की पचन थांबतं, आणि मग गळ्याच्या पिशवीत गेलेलं अन्न तिथेच आंबतं. म्हणून पाय गार असतील तर चमचाभर पेजसुद्धा देऊ नका. आधी तिला गरम करा.

पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला दुमडलेलं गोणपाट, त्यावर जुनं सुती लुगडं. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरतात आणि अशक्त कोंबडीच्या मांड्या फाकतात. खोक्याच्या एका टोकाला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा, किंवा वरून ४० ते ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सोडा. एलईडी दिव्यानं उजेड पडतो, ऊब मिळत नाही. ऊब एकाच बाजूला हवी, म्हणजे नको झाली तर कोंबडीला सरकता येतं. आत साधारण २७ ते ३० अंश पुरेत. ती चोच उघडून धापा टाकू लागली, पंख अंगापासून लांब धरू लागली, तर ऊब जास्त झाली. चुलीशेजारी ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण धूर तिच्या फुप्फुसांना सोसत नाही.

पौषात धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा हे सगळं अक्षरशः करा, आणि रात्री वीज जाणार हे धरूनच चाला: बाटलीतलं पाणी दर दोन-तीन तासांनी बदलायची तयारी हवी.

वैशाखात मात्र उलटं. भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५च्या पुढे जातो त्या दिवसांत बल्ब लावणं म्हणजे तिला भाजणंच. तेव्हा घरातली सर्वांत गार जागा शोधा. मातीच्या भिंतीची आतली खोली असेल तर उत्तम. खिडकीला ओलं गोणपाट लावा आणि कोंबडीचे फक्त पाय कोमट-गार पाण्यानं ओले करा. अंगावर बादली ओतू नका, बर्फ तर मुळीच नको.

मान टाकून पडलेली कोंबडी एका कुशीवर तशीच राहिली तर छातीच्या हाडावर जखम होते. यासाठी आपल्या घरातली चुंबळ कामाची. कापडाची चुंबळ वळा, जरा मोठी, आणि कोंबडीला तिच्या पोकळीत बसवा. छाती अधांतरी राहते, मान वर राहते, पायही पोटाखाली नीट येतात. दर दोन-तीन तासांनी तिची कूस बदला.

पाणी

पाय गरम लागले, डोळे जरा उघडले, की पाणी. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात ओआरएसची पाकिटं मिळतात. माणसाला एक पाकीट एक लिटर पाण्यात देतात. कोंबडीला मीठ आपल्याइतकं सोसत नाही, म्हणून मी निम्मं पातळ करते: पाव पाकीट अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात. पाकीट नसेल तर अर्धा लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे गूळ आणि दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढंच मीठ. हे पाणी २४ तासांनी फेकून नवं करायचं.

पाजायची रीत नीट समजून घ्या. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते. चोच वर करून आत पाणी ओतलं की ते तिथूनच खाली जातं. एकदा फुप्फुसात पाणी गेलं की घरगुती इलाज नाही. म्हणून सुई काढलेली पाच मिलीची सिरिंज घ्या, नाहीतर कापसाचा बोळा. मान सरळ, नैसर्गिक ठेवा आणि चोचीच्या कडेला, जिथे वरची-खालची चोच मिळते तिथे, एक थेंब सोडा. थेंब आत ओढला जातो, ती मान जरा उचलून गिळते. गिळल्यावरच पुढचा थेंब. गिळतच नसेल तर थांबा, अजून ऊब द्या. घशातून घरघर ऐकू आली तर लगेच थांबा.

पहिल्या तीन-चार तासांत दर अर्ध्या-पाऊण तासानं पाच ते दहा मिली, म्हणजे एक-दोन चहाचे चमचे. स्वतः प्यायला लागली की जड, उथळ वाटी पुढे ठेवा. खोल भांडं नको. अशक्त कोंबडी तोंड बुडवते आणि मान उचलू शकत नाही. एका वाटीत ओआरएस आणि शेजारी दुसऱ्या वाटीत साधं पाणी ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर साधं पाणीच पुरे. निरोगी मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि आपल्या उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट, एवढा अंदाज हाताशी ठेवा.

पहिला घास

दोन-तीन वेळा पाणी पोटात उतरलं, आणि गळ्याची पिशवी फुगून बसली नाही, तर अन्न सुरू करता येतं. इथेच हात आखडता हवा, आणि त्याचं कारण आहे. उपासात शरीर चरबी आणि मांसावर चालतं. अशा अंगात एकदम भरपूर पिठूळ-गोड गेलं की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. रक्तात त्यांचा तुटवडा पडतो आणि हृदय, श्वासाचे स्नायू ढेपाळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कैद्यांच्या छावण्यांतून सुटलेली उपाशी माणसं पोटभर जेवल्यावर दगावली, ती अशीच. म्हणूनच नुसता गूळ, नुसती साखर, नुसतं केळं भरवून "ताकद आणायची" नाही. थोडं, वारंवार, आणि त्यात प्रथिनं-फॉस्फरस हवं.

सर्वांत सोपं म्हणजे पिलांचं स्टार्टर खाद्य. तालुक्याच्या पशुखाद्याच्या दुकानात सुटं मिळतं. कोमट पाण्यात भिजवून, चुरून, गाळणीतून जाईल इतकं पातळ करा. ते मिळालं नाही तर दादर ज्वारीच्या पिठाची बिनमिठाची पातळ पेज शिजवा, त्यात उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करा. बलकात फॉस्फरस भरपूर. कोंबडीला अंडं कसं द्यायचं, म्हणून आमच्याकडच्या जिजींना कसंसंच होतं. शिजवून, ओळखू येणार नाही असं कुस्करून दिलं तर तिला अंडं फोडून खायची खोड लागत नाही.

पेज मनगटावर थेंब टाकून बघा, कोमटच हवी. प्रमाण असं धरा:

- पहिला दिवस: किलोमागे १० ते १५ मिली, म्हणजे सव्वा किलोच्या कोंबडीला तीन चहाचे चमचे. दर तीन-चार तासांनी.
- दुसरा-तिसरा दिवस: पिशवी दोन खेपांच्या मधे रिकामी होत असेल तर हळूहळू दुप्पट, आणि पेज जरा दाट.
- चौथ्या-पाचव्या दिवसापासून: ओलसर, मुटका वळेल असं खाणं वाटीत. ती स्वतः टोचू लागली की सिरिंज बंद.

रात्री दहाच्या सुमाराला शेवटची खेप द्या आणि झुंजूमुंजू होताना पहिली. प्रत्येक खेपेआधी पिशवी चाचपा. आधीचंच तसंच असेल तर नवं घालू नका. नुसतं कोमट पाणी द्या आणि ऊब तपासा.

ती खायला तयार नसेल तर बोटानं वाटीत टकटक करा. पिलाला आई अशीच चोच आपटून दाणा दाखवते. मोठ्या कोंबडीतही ती ओढ असते. कधी शांत स्वभावाची दुसरी कोंबडी शेजारी, जाळीपलीकडे, खाताना दिसली तरी भूक चाळवते. पण आजाराची शंका असेल तर हा प्रयोग नको.

पशुवैद्यकाच्या दुकानात बी-कॉम्प्लेक्सचं द्रावण मिळतं, बाटलीवरच्या प्रमाणानं पाण्यात द्या. उपासात बी-१ हे जीवनसत्त्व सर्वांत आधी संपतं आणि मग मान मागे वळते, पाय लटपटतात. कोंबडी आणि बी-१ यांचं नातं जुनं आहे. १८९०च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आयकमान या डच डॉक्टरांनी पाहिलं की नुसत्या कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावरच्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा मिळाला की उठतात. त्या शोधाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल मिळालं. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच: कालचा उरलेला पांढरा भात हे आजारी कोंबडीचं पथ्य नव्हे. पिठाच्या चाळणीत राहिलेला कोंडा पेजेत घाला.

काय देऊ नये

खारी शेव, चिवडा, भाजीचा रस्सा, फरसाण: मीठ. चहाचा गाळ, कांदा, हिरवट बटाट्याची साल, कच्चा राजमा आणि वालासारखी कडधान्यं नकोत. सरकी आणि सरकीची पेंड आपल्याकडे प्रत्येक गोठ्यात असते, म्हैस ती आनंदानं खाते, पण त्यातलं गॉसिपॉल कोंबडीला बाधतं. पेरणीतून उरलेलं गुलाबी-लाल रंग लावलेलं मका किंवा कपाशीचं बियाणं तर विषच; ती पिशवी कोंबडीच्या वाटेत ठेवूच नका. पावसात भिजून काळा पडलेला मका, खवट बुरशीचे शेंगदाणे "कोंबड्यांना चालतील" म्हणून बाजूला काढतात. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनं लाखभर टर्की पक्षी मेले आणि अफलाटॉक्सिन जगाला कळलं. पक्ष्याचं यकृत ते सहन करत नाही, उपाशी पक्ष्याचं तर नाहीच.

मोहाच्या दारूचे दोन थेंब पाजायची पद्धत काही भागांत आहे. कोंबडी फडफडते, तरतरी आल्यासारखी वाटते. ती तरतरी नव्हे; अंगातली उरलीसुरली ऊब बाहेर पडते आणि गिळायचं भानही सुटतं. नको.

केळं चालतं. जळगाव जिल्ह्यात राहून केळं नको म्हणणं अवघडच आहे. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, पिकलेलं, करंगळीच्या पेराएवढं, पेजेत कालवून. शेवग्याचा पाला बारीक चिरून त्याच सुमाराला सुरू करा; तो मात्र हात न आखडता द्यावा असा आहे.

ती उपाशी राहिली का?

कोंबडी दाराला कुलूप लावलेल्या घरात, कांद्याच्या चाळीत किंवा कोरड्या विहिरीत अडकली होती, हे माहीत असेल तर प्रश्नच नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सगळं घर माहेरी-पाव्हण्यांकडे जातं आणि मागच्या खोलीत एखादी कोंबडी राहून जाते, असं दर वर्षी कुठेतरी होतंच. तिला खाणं-पाणी आणि ऊब मिळाली की ती सावरते.

पण अंगणात दाणे पडलेले आहेत, बाकीच्या खाताहेत, आणि हीच खंगली आहे, तर अन्न हा इलाज अर्धाच. "मनी (माझी) कोंबडी काहीच खात नही" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते: खात नाही, की खाऊ शकत नाही, की तिला कुणी खाऊ देत नाही? तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

*खाऊ देत नाहीत.* कळपात चढउतार असते. सर्वांत खालच्या कोंबडीला बाकीच्या टोचून हाकलतात, विशेषतः एकच भांडं असेल तर. डोक्यामागची, शेपटीच्या बुडाची पिसं गेलेली असतात. इलाज सोपा: दोन-तीन भांडी, एकमेकांना दिसणार नाहीत अशी.

*खुडूक बसलेली.* एकवीस दिवस अंड्यांवर बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच, तीही घाईनं, उठते. वजन थोडं उतरणारच. पण वैशाखात पत्र्याखाली बसवली असेल, किंवा रिकाम्याच खोप्यात महिना-महिना बसून राहिली असेल, तर ती खंगून जाते. तिला रोज सकाळी उचलून वीस मिनिटं पाणी-दाण्यापाशी ठेवा. खुडूक मोडायला गार पाण्यात बुडवतात, ते अशा कोंबडीला करू नका.

*खाऊ शकत नाही.* चोच उघडून आत बघा. पिवळट-पांढरा थर, चिकट जाळी, जखम, जिभेला गुंडाळलेला दोरा, काहीही असू शकतं. पावसाळ्यानंतर डास वाढले की देवी येते: तुऱ्यावर, पापण्यांवर काळपट खपल्या. दोन्ही डोळे खपल्यांनी मिटले की कोंबडीला दाणा दिसतच नाही आणि ती भरल्या अंगणात उपाशी मरते. खपल्या ओढून काढू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळे मऊ करा, पेज हातानं द्या, मलम डॉक्टरांना विचारून. देवी विषाणूची आहे, तिच्यावर थेट औषध नाही, पण खाऊ-पिऊ घातलं तर बहुतेक कोंबड्या दोन-चार आठवड्यांत सावरतात.

*पिशवी तुंबलेली.* संध्याकाळी भरलेली पिशवी सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही घट्ट असेल तर आत लांब गवत, सुतळी, प्लास्टिक अडकलं असेल. थोडं कोमट पाणी, चोचीच्या कडेनं दोन-तीन थेंब गोडतेल, आणि बोटांनी हलकं चोळणं. पिशवी फुग्यासारखी डुचमळत असेल आणि तोंडाला आंबूस वास येत असेल तर बुरशी वाढली आहे, डॉक्टरांकडे न्या. कोंबडी उलटी टांगून ओकवायचा उपाय लोक सांगतात. तेच पाणी श्वासनळीत जाऊन ती हातातच मरते.

*खाते, तरी खंगते.* इथे जंत, उवा, गोचीड. शेपटीखालची पिसं बाजूला करून बघा: पिसांच्या बुडाशी पांढरे पुंजके म्हणजे उवांची अंडी. दिवसा अंगावर काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत राहू नका. लाल किडे आणि कोंबड्यांची गोचीड दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्री विजेरी घेऊन खुराड्याचे सांधे बघा. फिकट तुऱ्याचं कारण पुष्कळदा तिथे सापडतं. फटी खरवडून, उकळतं पाणी टाकून, चुन्यानं सारवून घ्या. कोंबडीला अंघोळ घालू नका. चाळलेली कोरडी राख पिसांच्या मुळाशी हातानं लावा, नाका-डोळ्यांना चुकवून.

आता एक गोष्ट ठणकावून. कपाशीच्या घरात फवारणीची बाटली असतेच, आणि "थोडंसं पाण्यात टाकून उवांवर मारू" असा विचार कुणाच्या तरी मनात येतोच. ते औषध कातडीतून आत जातं. अशक्त कोंबडी काही तासांत जाते, आणि वाचली तरी तिची अंडी तुमच्या पोरांच्या ताटात येतात.

जंताचं औषध पहिल्या दिवशी नको. पोटात गोलजंतांचा गुंता असेल तर ते एकदम मरून आतडं तुंबतं. वजन चढायला लागलं, ती स्वतः खायला लागली, की मग डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा घ्या आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तिथेच विचारा.

कधी घरगुती थांबवायचं

विष्ठेत रक्त, मान पिळवटलेली, एक पाय पुढे एक मागे पडलेला, उघड्या चोचीनं श्वास, पेंग्विनसारखं उभं राहून कुंथणं: यांतलं काहीही दिसलं तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा १९६२ वर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी हाच टोल-फ्री क्रमांक आहे. सोबत ताजी विष्ठा कागदात गुंडाळून न्या. जंत आणि रक्ती हगवण तपासायला तीच लागते. माणसांची उरलेली अँटिबायोटिक गोळी चुरून देणं टाळा.

राणीखेतला, म्हणजे मानमोडीला, औषध नाही, लस आहे: पिलं पहिल्या आठवड्यात असताना लासोटा, सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी. खंगलेल्या कोंबडीला "आता तरी लस टोचा" असा आग्रह धरू नका. लस निरोगी पक्ष्यालाच.

आणि एकाच वेळी अनेक कोंबड्या पटापट मरत असतील तर हा लेख बाजूला ठेवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये, आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका, कापू नका, नाल्यात फेकू नका. पशुसंवर्धन खात्याला कळवा.

एकट्या आजारी कोंबडीलाही निदान दोन आठवडे वेगळं ठेवायचं. तिचं खाणं-पाणी शेवटी करायचं, म्हणजे तिच्याकडून हात थेट बाकीच्यांकडे जाणार नाहीत, आणि मग साबणानं हात धुवायचे.

काही कोंबड्या वाचत नाहीत. दोन दिवस ऊब-पाणी देऊनही गिळत नसेल, वजन उतरतच असेल, मान उचलत नसेल, तर सिरिंजनं आणखी कोंबून तिचे हाल लांबवू नका. डॉक्टरांशी बोला. आणि औषध दिलेली कोंबडी "वाया जाईल" म्हणून चुलीवर चढवू नका.

उभी राहिल्यावर

विष्ठा हिरव्याची तपकिरी झाली आणि तिच्यावर पांढरी टोपी दिसू लागली म्हणजे अन्न खाली उतरतंय. रोज सकाळी, पिशवी रिकामी असताना, वजन घ्या. पहिल्या एक-दोन दिवसांत वाढ दिसते ती पाण्याची. मांस भरायला आठवडे लागतात. छातीच्या हाडावर बोट फिरवायची सवय चालू ठेवा.

अख्खा दाणा आठवड्यानंतर: आधी भरडलेली ज्वारी किंवा बाजरी, मग मका. दाणा सुरू केला की चिमूटभर जाड वाळू पुढे ठेवा. गिरणा-तापीकाठच्या गावांत ती दारातच असते. कोंबडीला दात नाहीत. कलेजी-पेट्यातला जो पेटा आपण खातो, तोच तिचं जातं, आणि त्याला खडे लागतात. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. ती या आकड्याच्या जवळ आली, स्वतः पिसं साफ करायला लागली, धुळीत लोळली, की कळपात न्यायचा विचार करा.

एकदम सोडू नका. ती गेल्यापासून बाकीच्यांनी आपली चढउतार नव्यानं लावलेली असते, आणि परत आलेली कोंबडी त्यांना परकी वाटते. तीन-चार दिवस तिला अंगणातच डालग्याखाली ठेवा, दिसेल पण टोचता येणार नाही अशी. मग अंधार पडल्यावर खुराड्यात, शक्यतो कळपातल्या सर्वांत गरीब कोंबडीच्या शेजारी. सकाळी लवकर उठून बघा. किरकोळ टोचाटोची होणारच. रक्त निघालं तर परत डालगं. कळपाची दांडगी कोंबडी ओळखू येत असेल तर तिलाच दोन दिवस बाजूला काढणं जास्त कामाचं ठरतं.

अंड्याची वाट पाहू नका. खंगलेलं शरीर आधी मांस भरतं, बरेचदा पिसं झाडून नवी आणतं, आणि मग अंड्याकडे वळतं. महिना-दोन महिने सहज जातात. शिंपल्याचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफलं वेगळ्या वाटीत ठेवा. खाद्यात मिसळू नका, हवं तेवढं ती स्वतः खाते. पहिलं अंडं लहान किंवा मऊ कवचाचं आलं तर घाबरू नका. पुढची चार-पाचही तशीच आली तर शिंपल्याची वाटी रिकामी आहे का, आणि कळपातली दुसरी कुणी तिला तिथून हाकलत नाही ना, ते बघा.